पाच सेकंदांची ओळ

“काका, ह्या ओळीला हात लावायचा नाही,” रुबिना म्हणाली आणि तिनं पेनाचं टोपण पडद्यावर टेकवलं. “बाकी काय वाटेल ते बदला. ही ओळ नाही.”

त्या ओळीत एक आकडा होता. पाच.

“पाच सेकंद फार थोडे होतात गं.”

“यंत्राला पाच सेकंद म्हणजे आपली पाच वर्षं.”

“दहा तरी कर.”

“बघितलंस का सुमेध? यांचं सुरू झालं.”

सुमेध गजभारे खुर्चीवर उलटा बसून केळं खात होता. “काका, दोनदा आपटलात ते ह्याच ओळीपायी. आता तरी आमचं ऐका. आज तिघांची एकत्र परीक्षा आहे, तुम्ही बुडालात तर आम्हीही गळ्यात दगड बांधल्यासारखे खाली जाऊ.”

मी हात मागे घेतला. त्यांचं खरं होतं.

मी तेव्हा चाळिशीला आलो होतो आणि ती दोघं बावीस-तेवीसची. मी वडाराचा. आमची टोळी गावोगाव विहिरी खोदायची. सतराव्या वर्षी मी ते काम सोडलं, शहरात आलो आणि मुलांच्या वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकरी झालो. तिथल्या पोरांनी मला अक्षरं शिकवली. माझं नाव, हणमंत धोत्रे, मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला मिसरूड फुटून जुनं झालं होतं. मग सुटलो तो सुटलोच. दहावी, बारावी, बाहेरून बीएस्सी. विद्यापीठाच्या संगणक विभागात यंत्रं पुसायच्या नोकरीवर लागलो आणि तिथेच एमएस्सीला नाव घातलं.

बाकीचे सगळे विषय सुटले होते. हा एक राहिला होता. विषय असा, की एकच काम खूप संगणकांनी मिळून करायचं. ते एकमेकांपासून लांब असतात, मधे फक्त तार असते. प्रत्येकाजवळ कामाची आपापली नोंद असते आणि ती सगळ्यांची सारखी राहिली पाहिजे. ऐकायला सोपं आहे.

पहिल्याच तासाला देगलूरकर मॅडमनी फळ्याकडे पाठ करून सांगितलं होतं, “लांबचं यंत्र उत्तर देत नसेल, तर ते मेलं आहे की नुसतं हळू झालं आहे, हे तुम्हाला इथे बसून कधीही कळणार नाही. ह्या विषयाचं सगळं दुखणं एवढंच आहे. म्हणून काही वेळ थांबायचं, आणि मग ते मेलं असं धरून पुढे जायचं.”

सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं होतं. इतर मुलांना हा विषय अवघड वाटे. मला त्याची भीती वाटे.

रुबिनाच्या ओळीतले पाच सेकंद म्हणजे हीच थांबायची वेळ. आधीच्या दोन्ही परीक्षांत मी तिला शेवटच ठेवला नव्हता. परीक्षकांनी एका यंत्राची तार काढली की माझी बाकीची यंत्रं हात जोडून उभी. दुसऱ्या वेळचे परीक्षक चहा पिऊन परत आले आणि म्हणाले, “धोत्रे, हे तुमचं यंत्र अजून कुणाची वाट बघतंय?” वर्ग हसला. मीही हसलो.

आता तिसरी खेप. नियमाप्रमाणे शेवटची. ह्या मे महिन्यात सुटलो नाही तर नाव कायमचं रद्द होणार होतं. विभागात प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती आणि मॅडमनी ती माझ्यासाठी अडवून धरली होती. पदवी नाही तर जागा नाही. आणि मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. सकाळी निघताना माझी बायको नरसव्वा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, “आज पास होऊनच या. नापास झालात तर ती पुस्तकं बंबात घालीन आणि त्याच पाण्यानं तुम्हाला आंघोळ घालीन.”

“बरं, चिठ्ठ्या उचलू या,” रुबिना म्हणाली.

मॅडमचा हट्ट होता, की तिन्ही यंत्रं एका टेबलावर मांडायची नाहीत. एकमेकांचं तोंड दिसलं नाही तरच हा विषय कळतो, असं त्या म्हणत. म्हणून एक यंत्र प्रयोगशाळेत परीक्षकांसमोर, एक ग्रंथालयात, आणि एक मैदानापलीकडच्या जुन्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत, तळघरात.

मी चिठ्ठी उघडली. तळघर.

“मला नको,” मी म्हणालो. ते इतक्या पटकन तोंडातून निघालं की दोघं माझ्याकडे बघायला लागली.

“का हो?”

“उंदीर असतात तिथं.”

रुबिना खो-खो हसली. “एवढा दांडगा माणूस आणि उंदराला भितो! द्या इकडे. उंदीर मला भितात.” तिनं माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, स्वतःची माझ्या खिशात कोंबली आणि ओढणी खांद्यावर टाकून निघाली. दारातून वळून म्हणाली, “कंटाळा आला तर तुमच्या पडद्यावर लिहीन काहीतरी. उत्तर द्या.”

आम्ही लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एक छोटी चौकट होती, एकमेकांना दोन शब्द लिहायला. मोबाईल तेव्हा सगळ्यांच्या हातात आले नव्हते, आणि परीक्षेत तर चालतच नव्हते.

बाहेरून आलेले परीक्षक बिडवई सर बारीक अंगाचे होते. उन्हामुळे त्यांनी कॉलरखाली रुमालाची घडी घातली होती. ते माझ्या शेजारी बसले, मॅडम मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर तीन हिरवे चौकोन होते. प्रत्येक यंत्र दर सेकंदाला बाकीच्यांना ‘मी आहे’ असं कळवायचं आणि त्याचा चौकोन लुकलुकायचा.

सरांनी प्रश्न विचारले. मला येत होते. उत्तरं बरोबर जात होती. मॅडमच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्या निर्धास्त झाल्या होत्या. सरांनी ठरवलं होतं, की थोड्या वेळानं सुमेधला ग्रंथालयातली तार काढायला लावायची आणि बाकीची दोन यंत्रं काय करतात ते पाहायचं.

बाहेर भौतिकशास्त्राच्या बाजूला नव्या इमारतीचा पाया चालू होता. सकाळपासून ट्रक दगड आणून ओतत होते. मी तो आवाज कानाआड करत होतो. आयुष्याची पहिली सतरा वर्षं ज्यानं तोच आवाज ऐकला, त्याला तो कानाआड करणं सोपं नसतं.

तेवढ्यात एक मोठा धडाका झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. आधीचे आवाज मोकळ्या जमिनीवर दगड पडल्याचे होते. हा तसा नव्हता. हा कशावर तरी आदळला होता.

मी पडद्याकडे पाहिलं. तळघराचा चौकोन लुकलुकायचा थांबला होता.

एक. दोन. मी नकळत मोजायला लागलो. चार. पाच. चौकोन राखाडी झाला आणि त्याच्याखाली इंग्रजी शब्द उमटला. मी इंग्रजी अजूनही अक्षरं लावून वाचायचो. डी, ई, ए, डी.

“उत्तम!” बिडवई सर म्हणाले. “तळघर मृत धरलं आणि दोघांवर काम चालू राहिलं. ग्रंथालयाची तार काढायचीही गरज नाही.”

“सर, हे आपण बंद केलेलं नाही.”

“म्हणूनच तर चांगलं. खरी परीक्षा झाली.”

“सर, पण ते का बंद पडलं?”

“त्यानं काय फरक पडतो? पुढे चला. आता मला सांगा, दोघांची नोंद सारखीच आहे हे—”

“तिथं मुलगी बसली आहे, सर.”

सरांनी चष्मा वर केला. “अहो धोत्रे, यंत्र मेलं आहे. मुलगी नाही.”

“हे इथं बसून कसं कळतं, सर?”

बिडवई सर मॅडमकडे बघायला लागले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी उभा राहिलो होतो, ते मला खुर्ची मागे पडल्यावर कळलं.

“खाली बसा,” सर म्हणाले. “शिपाई पाठवता येईल. परीक्षा चालू असताना तुम्ही खोलीबाहेर गेलात, तर तुमची परीक्षा संपली असं मी धरीन.”

“हणमंतराव,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “शेवटची वेळ आहे.”

“हो मॅडम,” मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

मैदान ओलांडताना मी पळत होतो की चालत होतो, सांगता येत नाही. ऊन पांढरं झालं होतं. माझी सावलीसुद्धा मला दिसली नाही. भौतिकशास्त्राच्या इमारतीला टेकून एक ट्रक उभा होता. त्यानं दगडांचा ढीग भिंतीलगतच ओतला होता आणि तळघराची एक झरोक्याची खिडकी त्या ढिगाखाली गेली होती. दुसऱ्या खिडकीतून धूळ बाहेर येत होती. ड्रायव्हर चाकाशी बसून तंबाखू मळत होता.

“खाली माणूस आहे का?” मी ओरडलो.

“मला काय ठावं? मी वर हाय,” तो म्हणाला.

मी जिन्याशी गेलो. दिवा नव्हता. चार पायऱ्या दिसत होत्या, पुढच्या दिसत नव्हत्या. आतून ओल्या मातीचा गार वास आला आणि वरच्या पायरीवर माझे पाय थांबले. थांबले म्हणजे थांबलेच.

आमच्यात एक रीत होती. विहिरीतली दगडमाती वर ओढायला यारी असते. यारीवर जो उभा, त्यानं खालच्याला हाक द्यायची. “आहे काऽऽ?” खालून उत्तर यायचं, “आहेऽऽ!” उत्तर आल्याशिवाय दोर सोडायचा नाही, दगड लोटायचा नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. दिवसातून कितीतरी वेळा. लहानपणी आम्ही पोरं जेवतानासुद्धा तो खेळ खेळायचो.

बावीस वर्षांत मी ती हाक दिली नव्हती.

“आहे काऽऽ?”

तळघरात माझाच आवाज फिरला आणि विरला.

“रुबिनाऽऽ! आहे काऽऽ?”

काही नाही. खोल कुठेतरी घरघर चालू होती, तीही माणसाची नव्हती. तिसऱ्या हाकेनंतर मला आमच्या टोळीतल्या मल्लूमामाचा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी, जसा बावीस वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर आला होता. “बस कर, हणम्या.”

मी भिंतीला हात लावला आणि खाली उतरलो. भिंत ओली होती. मी तळहात तिच्यावरून उचलला नाही. खाली बोळ होता, बोळाच्या टोकाला बंद दार आणि दाराखाली उजेडाची एक रेघ. मी दार ढकललं.

खोलीभर धूळ तरंगत होती. पडदा चालू होता, खुर्ची रिकामी होती. टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते.

“रुबिना!”

पाय हलले. तिचं डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि धुळीनं पांढरं झालेलं तोंड बाहेर आलं.

“या अल्ला! काका? तुम्ही इथं काय करताय?”

मी दाराची चौकट धरून उभा होतो.

“त्या ट्रकवाल्यानं धडाम केलं आणि वरची सगळी माती माझ्या डोक्यावर. अन् हा तारा जोडायचा डबा बंद पडला. त्याची पिन कपाटामागं सुटली आहे, माझा हात पोचत नाही. बघत काय उभे राहिलात? तुमचा हात लांब आहे, घाला आत!”

मी गुडघ्यावर बसलो. कपाटामागे हात घातला. पिन सापडली, भोक सापडायला वेळ लागला. डब्यावर बारीक दिवे लागले.

“मी हाका मारल्या,” मी म्हणालो.

“ऐकू कशा येणार? हा पंखा बघा की, नुसतं हेलिकॉप्टर. मी पण तुम्हाला लिहीत होते, पिन शोधता शोधता. गेलं नसेल काही.” मग तिचा चेहरा बदलला. “थांबा. परीक्षा झाली?”

“नाही.”

“म्हणजे? परीक्षा सोडून आलात?” ती ओरडली. “काका, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? एका पिनेसाठी? चला, पळा आधी! पळा!”

तिनं मला अक्षरशः ढकलत जिना चढवला.

प्रयोगशाळेत बिडवई सर माझ्या यंत्रासमोर उभे होते. रुमाल आता त्यांच्या हातात होता. ग्रंथालयातून सुमेधही येऊन दारात थांबला होता. त्यानं मला पाहून कपाळावर हात मारला.

“मी तुमची परीक्षा संपली असं धरलं होतं,” सर म्हणाले. “मॅडमनी रदबदली केली तरी ऐकलं नसतं. पण मग हे यायला लागलं. बसा.”

मी बसलो. तळघराचा चौकोन अजून राखाडीच होता, तोच शब्द त्याच्याखाली होता. पण खालच्या छोट्या चौकटीत ओळी आल्या होत्या. तार तुटली असताना तिनं लिहिलेलं सगळं तिच्या यंत्रात अडकून पडलं होतं आणि तार जुळल्याबरोबर एकदम येऊन धडकलं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी. मी पडद्यावर बोट ठेवून वाचलं.

काका मी आहे. तार गेली.

काका मी आहे.

थांबा जरा, पिन शोधते.

मी आहे हो.

आहे.

“मला एकच प्रश्न विचारायचा आहे,” बिडवई सर म्हणाले. “ह्याचं बरोबर उत्तर द्या, बाकी मी बघेन. तुमच्या यंत्रानं तळघर मृत ठरवलं. काम पुढे गेलं. नोंदी बदलल्या. आणि आता त्या मृत यंत्राचे जुने निरोप येत आहेत. त्यांचं काय करायचं?”

उत्तर मला येत होतं. पुस्तकात ते ठळक अक्षरात होतं. टाकून द्यायचे. मृत धरलेल्याचे मागचे निरोप हिशोबात घेतले, तर जिवंतांच्या नोंदी बिघडतात. दोन शब्दांचं उत्तर. पदवी, जागा, नरसव्वाचा बंब, सगळं त्या दोन शब्दांवर अडलं होतं.

मी तोंड उघडलं. बोट अजून शेवटच्या ओळीवर होतं.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही दुपारच होती. माझा थोरला भाऊ तिमण्णा खाली होता आणि मी यारीवर. विहिरीची एक बाजू मुरमाची होती, ती बसली. धूळ वर आली. मी हाक दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली, पुन्हा दिली. मल्लूमामानं मला बाजूला करून स्वतः दिली. मग त्यानं डोक्याचं पागोटं काढलं. बाजू अजून सुटत होती, खाली उतरेल तो गेला असता. मामाचं काही चुकलं नव्हतं. “मेलेल्यापायी जिता घालवायचा नाही,” तो म्हणाला. मी ओरडतच होतो. तेव्हा तो म्हणाला, “बस कर, हणम्या.”

दुसऱ्या दिवशी बाजूला लाकडं लावून माती उपसली. तिमण्णा एका कपारीखाली होता. जीव गेला होता, पण अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं भाकरीचं फडकं सोडलं होतं. अर्धी भाकरी खाल्ली होती, आणि अर्धी पुन्हा नीट बांधून उशाशी ठेवली होती.

“धोत्रे?”

“टाकून द्यायचे, सर,” मी म्हणालो. “हिशोबात घ्यायचे नाहीत. त्याला नव्यानं आत घ्यायचं, नव्या नोंदी द्यायच्या.”

सरांनी मान डोलावली आणि पेन उघडलं.

“पण वाचायचे, सर.”

“काय?”

“टाकायच्या आधी वाचायचे. एकदा तरी.”

बिडवई सरांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, कागद मॅडमकडे दिला आणि रुमाल पुन्हा कॉलरखाली घातला. “हे पुस्तकात नाही,” ते म्हणाले. “पण ह्याचे गुण कापता येतील असंही पुस्तकात काही नाही.”

काठावर पास. त्याच्यावर एक गुण नाही.

सुमेध पेढे आणायला पळाला. मी आणि रुबिना विभागाच्या पायऱ्यांवर सावलीत बसलो. तिच्या केसांत अजून माती होती. ती आधी मला खूप बोलली. परीक्षा सोडून येतं का कुणी, उंदराला भिणारा माणूस, वगैरे. मग मी तिला तिमण्णाचं सांगितलं. भाकरीचंही सांगितलं. हे मी नरसव्वालाही कधी सांगितलं नव्हतं.

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

“अर्धी ठेवली होती,” ती म्हणाली. “म्हणजे त्याला वाटत होतं, तुम्ही येणार.”

“हो.”

“मग त्यानं उत्तर दिलं असेल ना, काका? तुम्ही हाक देत होता तेव्हा?”

“दिलं असेल. आमच्यात हाकेला उत्तर दिल्याशिवाय कुणी राहत नाही.”

“आणि मग तुम्हाला ऐकू का नाही आलं?”

मैदानापलीकडे तो ट्रक रिकामा होऊन निघाला होता. त्याच्या मागे धूळ उठली आणि हळूहळू खाली बसली.

“मधे माती होती,” मी म्हणालो.